पेरूच्या अत्तरातला बरकतीचा थेंब

विजापूर वेशीत इमामसाब अत्तारांचं दुकान शोधताना पाटी वाचावी लागत नाही. चादरी-टॉवेलांच्या दुकानांची रांग संपते तिथे नाक आपोआप डावीकडे वळतं. दुकान जेमतेम साडेसहा फूट रुंद. मागच्या फळ्यांवर गुलाब, मोगरा, खस, हिना, केवडा अशा कुप्या ओळीनं उभ्या. प्रत्येकीची जागा ठरलेली, त्यामुळे वीज गेली तरी इमामसाब मागे न बघता हात घालतात आणि हवी तीच कुपी काढतात. वय सदुसष्ट, दाढी मेंदीनं लाल, सदरा पांढरा आणि डाव्या कानाच्या पाळीत कापसाचा फाया. फायाचंही वेळापत्रक आहे. सोमवारी खस, मंगळवारी केवडा, असं करत शुक्रवारी गुलाब. शेजारचे चादरवाले मंजुनाथ वार विसरले की कॅलेंडर बघत नाहीत, इमामसाबांच्या कानाजवळ वाकतात.

या दुकानाचा एक जुना नियम आहे. गिऱ्हाईकासमोर कुपी भरायची, माप पुरं झालं की अत्तराची काडी बुडवायची आणि एक थेंब वर टाकायचा. त्याला बरकतीचा थेंब म्हणतात. नियम इमामसाबांच्या आजोबांनी घातला आणि त्याला एक पोटकलमही जोडलं. अत्तर चार जिनसांचं मिळून केलेलं असेल, तर वरचा थेंब त्यातल्या सगळ्यात महाग जिनसाचा असला पाहिजे. स्वस्तातला थेंब टाकून मोठेपणा मिरवायचा नाही, असा त्यामागचा हिशेब. पन्नास वर्षांत इमामसाबांच्या हातून हा थेंब एकदाही चुकला नाही. आता तर तो त्यांनी टाकायचा असं उरलेलंच नाही, हातच परस्पर टाकतो.

पूर्वी लग्नसराईत इमामसाब दुकानात कमी आणि कार्यालयांच्या दारात जास्त असत. हातात चांदीची अत्तरदाणी घ्यायची, येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर काडी फिरवायची, दोन शब्द बोलायचे. पुढे दारात सेल्फीची चौकट आली, फुलांचा हत्ती आला आणि अत्तर लावणारा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. शेवटी एकच घर राहिलं, करकंबच्या रावजी नागटिळकांचं. इमामसाबांचे वडील खांद्यावर पेटी घेऊन करकंबच्या बाजाराला जायचे, तेव्हापासूनचा हा संबंध. रावजींच्या लग्नात दारात इमामसाबांचे वडील होते, रावजींच्या मुलाच्या लग्नात स्वतः इमामसाब. आता नात ऋतुजाचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं आणि इमामसाबांनी अत्तरदाणी दिवाळीलाच चिंचेनं घासून ठेवली होती.

नोव्हेंबरच्या शेवटी रावजी आणि ऋतुजा दुकानात आले. ऋतुजा पुण्याला नोकरी करते. बोलायला मोकळी आणि मनात आलं ते धरून ठेवणारी.

"चाचा, अत्तर तुमचंच," ती बसता बसता म्हणाली, "पण गुलाब नको. पेरूचं पाहिजे."

इमामसाबांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. ते रावजींकडे बघून हसले. रावजी हसले नाहीत.

"लहानपणापासून शाळेत मला पेरूच म्हणायचे," ऋतुजा सांगू लागली. "थंडीत माल निघायचा, क्रेट भरायला आम्ही सगळे बसायचो. माझी वह्या-पुस्तकं, स्वेटर, डबा, सगळ्याला पेरूचा वास. बाई हजेरीत नाव घ्यायच्या आधी म्हणायच्या, नागटिळक आली वाटतं. आता होणारा नवरापण पेरूच म्हणतो. मग लग्नात तोच वास पाहिजे ना."

"बेटी, फुलाचं अत्तर निघतं. फळ खातात."

"पुण्याच्या लग्न सजवणाऱ्या लोकांकडे आहे की. 'ट्रॉपिकल' म्हणून. आंबा, अननस, पेरू, सगळं एकत्र. त्यांचं मशीन असतं, दारात ठेवलं की दर पाच मिनिटांनी फवारा मारतं."

"सगळं एकत्र म्हंजे त्यात कायच न्हाय," रावजी पहिल्यांदाच बोलले. "आन् फवारा मारायला माणसं कशाला बोलवायची? फवारा मी रोज बागेत मारतोय की."

"आबा, मी मशीन पाहिजे म्हणत नाही. पेरू पाहिजे म्हणतेय. चाचांनी केलं तर चाचा. नाहीतर ते लोक. लग्न तीन आठवड्यांवर आलंय, मला त्यांना पंधरा दिवसांनी, रविवारी सांगायचंय."

ती समोरच्या दुकानात चादर बघायला गेली, तसे रावजी पुढे सरकले. "इमामभाई, तुमच्याशी खरं बोलतो. नात माजी हट्टी हाय, आन् हट्ट माज्यावरनंच गेलाय, मी काय बोलणार. पण तुमच्या जाग्यावर ते फुसफुस करणारं डबडं उभं ऱ्हायलं, तर मला काय गोड लागंल? जमवा कसं तरी."

"जमवतो, पाटील," इमामसाब म्हणाले. कसं जमवणार, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की या दारातूनही ते गेले, तर अत्तरदाणी पुन्हा घासायचं कारण उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लक्ष्मी मार्केटमधून दोन पाट्या पेरू आणले आणि गच्चीवर आजोबांचा अत्तर गाळायचा तांब्याचा डेग चढवला. गुलाबाचं जसं करतात तसंच केलं. खाली मंद जाळ, वर झाकण लिंपलेलं, वाफ नळीतून शेजारच्या भांड्यात. बारा वाजता गच्चीवर पेरूचा असा वास सुटला की इमामसाबांनी मनातल्या मनात ऋतुजाला आशीर्वाद देऊन टाकला. तीन वाजता तोच वास पाकावर गेला. पाच वाजता सरळ मुरंबा. भांड्यात जमलं ते पेरू उकडल्याचं कोमट पाणी.

बायको अकबरी जिना चढून आली. तिनं भांड्यात बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"अत्तर हुआ?"

"नको पूछ."

"पूछती नै. जाळ विझवू नका फक्त." तिनं डेगातला गर चाळणीतून काढला, साखर घातली आणि रात्रीपर्यंत गल्लीतल्या सात घरांना पेरूची जेली पोचली. मंजुनाथांनी वाटी परत करताना विचारलं, "चाचा, आता बेकरी काढताय का?"

मग इमामसाबांनी दुसरा उपाय केला. पेरूच्या फोडी चंदनाच्या तेलात घालून ठेवल्या, म्हणजे तेल वास ओढून घेईल. तिसऱ्या दिवशी फोडींना बुरशीची पांढरी दाढी आली. पेरूत पाणी फार, तेल तरी किती सोसणार.

आता एकच रस्ता उरला होता आणि तो घरातूनच जात होता. त्यांची मुलगी शाइस्ता रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत एका अगरबत्तीच्या कारखान्यात सुगंध मिसळण्याच्या खोलीत काम करणारी. दोन वर्षं बाप-लेकीत या विषयावर शीतयुद्ध चाललं होतं. ती संध्याकाळी घरी आली की इमामसाब पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, "आज लिंबू केलं वाटतं. बाटलीतलं." त्यातल्या 'बाटलीतलं' या शब्दाला जी धार असायची ती शाइस्ताला बरोबर लागायची, आणि तीही मग म्हणायची, "तुमचं अत्तर काय मडक्यात असतं का, अब्बा?"

त्या संध्याकाळी त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "तुझ्या कारखान्यात पेरू येतो का गं?"

शाइस्तानं चपला काढता काढता उत्तर दिलं. "पेरू येत नाही. पेरूचे सुटे भाग येतात."

तिला सगळं आधीच ठाऊक होतं. सात घरांत वाटलेली जेली तिनंही खाल्ली होती. पण बापानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आता तिनं वही काढली. फळाचा वास हा एक वास नसतो, तिनं समजावलं. पेरूत एक कच्चा हिरवा भाग असतो, पान चुरगळल्यासारखा. एक गोड, एक दुधाळ, एक किंचित आंबट. फळ तापवलं की हलके भाग उडून जातात आणि उरतो तो मुरंबा. म्हणून कारखान्यात एकेक भाग वेगवेगळा करतात आणि मग जुळवतात. आंबा, फणस, अननस, सगळं असंच.

"म्हणजे मोटारसायकलसारखं."

"तसंच समजा. फक्त पेट्रोल तुमचं. चंदन."

हे 'तुमचं' ऐकून इमामसाबांना बरं वाटलं.

दोन दिवसांनी, कारखान्यातून रीतसर पावती करून, ती पाच लहान बाटल्या घेऊन आली. चार नुसत्या होत्या. पाचवी करंगळीएवढी, एकात एक अशा तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली.

"ही सगळ्यात महाग," ती म्हणाली. "आणि एकटी असली तर सगळ्यात वाईट. हिचा एक थेंब मी हजार थेंबांत मिसळून ही वेगळी, सहावी बाटली केलीय. त्यातले चारच थेंब घालायचे. पण ते घातल्याशिवाय पेरू होत नाही. मूळ बाटली उघडायची नाही, अब्बा."

"मी कशाला उघडू?"

गुरुवारी संध्याकाळी शाइस्तानं दुकानातच छोट्या काट्यावर तोलून अर्ध्या सामानाचं मिश्रण केलं. सगळं सामान एकदम वापरायचं नाही, हा तिच्या कारखान्याचा नियम. चंदनाच्या तेलात मिश्रण घालून काचेच्या भांड्यात मुरत ठेवलं. "उद्या दुपारी बाटलीत भरून ठेवा," असं वडिलांना सांगून ती शुक्रवारी सकाळी कामावर गेली.

शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपून इमामसाब दुकानात आले. हात धुतले, कोरडे केले, अत्तर गाळून बाटलीत ओतलं. खुणेपर्यंत भरलं. आणि मग, पन्नास वर्षं जे झालं तेच झालं. हात काडीकडे गेला. बरकतीचा थेंब राहिला होता. त्यांनी क्षणभर विचार केला, म्हणजे पोटकलमाचाच विचार केला. यात महाग काय? उत्तर शाइस्तानं स्वतःच्या तोंडानं दिलं होतं. त्यांनी एकेक करून तिन्ही पिशव्या सोडल्या, श्वास रोखून एक थेंब बाटलीत सोडला आणि तिन्ही पिशव्या होत्या तशा घड्या घालून बांधल्या. मन कसं निवांत झालं. कानात गुलाबाचा ताजा फाया होता, त्यामुळे त्यांना पहिला अर्धा तास काही जाणवलंही नाही.

अडीच वाजता मंजुनाथ आपल्या दुकानातून बाहेर आले आणि हवा हुंगत उभे राहिले. मंजुनाथांच्या दुकानात राजा नावाचा एक पिवळा बोका असतो, चादरींच्या गठ्ठ्यावर झोपणारा, अंगानं उशीएवढा. राजाही उठून बाहेर आला. शेपूट ताठ करून तो इमामसाबांच्या दुकानात शिरला आणि एकेका फळीजवळ थांबून तपास करू लागला. त्याच्या हद्दीत कोणीतरी येऊन गेल्याची त्याची खात्री पटली होती.

गुलाबपाणी घ्यायला आलेल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. "इश्श, मांजरानं घाण केलीय की इथं," असं म्हणून त्या पायरीवरूनच परतल्या.

इमामसाबांनी कानातला फाया काढला आणि त्यांच्याही नाकात ते शिरलं. मांजर. साधं नव्हे, भर उन्हाळ्यात कोंडलेल्या खोलीतलं मांजर.

"मंजुनाथ, हा तुमचा राजा," ते म्हणाले.

"चाचा, देवाशपथ, हा घरातसुद्धा करत नाही. बाहेर जाऊन येतो. शिस्तीचा आहे." मंजुनाथ बोक्याला कानडीत बोलावू लागले, "बारो इल्ली, बारो." राजा येईना. त्याचा तपास अपुरा होता.

अकबरी फिनेलचा डबा घेऊन आली. फरशी पुसली, पायरी पुसली, फळीखालचा कोपरा पुसला. राजाला पाण्याचा हबका मारून घालवलं. तो चार पावलांवर जाऊन बसला आणि ज्या नजरेनं बघत राहिला, ती मंजुनाथांच्या फार मनाला लागली. चार वाजेपर्यंत दोन शेजाऱ्यांत बोलणं बंद होतं. वासावर फिनेलचा तिळमात्र परिणाम नव्हता.

सहा वाजता शाइस्ता आली. उंबऱ्यावर एक पाय ठेवला आणि तिथेच थांबली. दोनदा हुंगलं. तिनं फरशीकडे पाहिलं नाही, सरळ बाटलीकडे पाहिलं.

"अब्बा, बरकत डाले क्या?"

"डाला ना."

"कायका डाले?"

"सबसे म्हंगा जो है, उसका." हे बोलता बोलताच इमामसाबांचा आवाज खाली आला. त्यांनी तीन पिशव्यांच्या पुडीकडे बघितलं, मग बाहेर पायरीवर बसलेल्या राजाकडे.

शाइस्ता पायरीवर बसली. तिच्या पाठीवरून ती रडतेय की काय असं अकबरीला वाटलं. ती हसत होती. आवाज फुटेना इतकी. मंजुनाथ काय झालं म्हणून आले आणि ऐकून तेही बसले. "म्हणजे माझा राजा निर्दोष सुटला," ते म्हणाले. अकबरीनं मुकाट्यानं वाटीभर दूध आणून राजापुढे ठेवलं. तो थोडा वेळ भाव खाऊन मग ते प्यायला.

इमामसाब मात्र हसले नाहीत. हातातला फाया त्यांनी कानात परत घातला नाही.

"ओतून दे ते," ते म्हणाले. "नाकावर पन्नास वर्षं जेवलो मी. आणि मला माझ्या दुकानातला वास कळला नाही, बोक्याला कळला. मशीनच उभं राहू दे दारात."

शाइस्ताचं हसू थांबलं. "ओतून कशाला द्यायचं? सामान अर्धं आहे अजून. मी पुन्हा करते कालच्यासारखंच."

"कालच्यासारखं नको."

"का?"

"काल मी हुंगलं होतं. तुला बोललो नाही. ते पेरू नव्हतं, बेटा. पेरूची गोळी होती. शाळेबाहेर मिळते ती."

शाइस्तानं बाटलीचं बूच घट्ट दाबलं. राग आला असेल असं त्यांना वाटलं, पण ती म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं. मीही तुम्हाला बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाइस्तानं रजा टाकली, बाप-लेकीनं सकाळी सहाची एसटी धरली आणि पंढरपूरला बस बदलून दोघं साडेनऊला करकंबला उतरले. रावजी मोटारसायकल घेऊन उभे होते, मागून पोरगा दुसरी घेऊन आला.

रावजींच्या शेतात दोन बागा आहेत. रस्त्याकडची तैवान पेरूची, ठेंगणी झाडं, वर्षभर माल, दिसायला देखणा. तिच्या मागं जुनी सरदार पेरूची, रावजींच्या हातची. "हे पुढचं पैसा देतंय," रावजी म्हणाले, "पण वास मागच्याला. ऋतुजा म्हणते त्यो वास ह्याचाच."

इमामसाबांनी चष्मा खिशात ठेवला. वास घेताना ते डोळ्यांची मदत घेत नाहीत. आधी पान चुरगळलं. मग कच्चं फळ, मग पाडाचं, मग हातात घेताच बोट रुतेल असं पिकलेलं. प्रत्येक वेळी मान हलवली. छान होतं सगळं, पण ऋतुजाच्या स्वेटरचा वास यात नव्हता. ते झाडाखाली गेले. तिथे पोपटांनी अर्धे खाऊन टाकलेले पेरू पडले होते. एक फुटलेला, आत गुलाबीसर पिवळा, मुंग्या लागलेला. इमामसाब गुडघे धरत खाली बसले आणि त्यावर वाकले. बराच वेळ तसेच होते.

"अब्बा?"

त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा उजळला होता. "शाइस्ता, हितं ये. राजा इथं आहे."

ती शेजारी वाकली. गोड, दुधाळ, हिरवं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, अगदी तळाशी, मांजर.

"आहे," ती म्हणाली.

"काल दुकानात पायलीभर होतं. तुझ्या भांड्यात नावालाही नव्हतं. इथं चिमूटभर आहे. पेरू जिवंत आहे तो एवढ्यानंच."

रावजी गोंधळून दोघांकडे बघत होते. "काय घावलं?"

"मांजर, पाटील."

"मांजर? आमच्या बागंत मांजर न्हाय. वटवागळं हायती, पोपट लई. मांजर कुटनं आलं?"

शाइस्तानं त्यांना समजावून सांगितलं. रावजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फुटलेला पेरू स्वतः उचलून हुंगला. "चाळीस वर्सं ह्या झाडाखाली बसतोय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा मांजर दिसलं. आता जन्मभर दिसणार." जाताना त्यांनी पिशवीभर पेरू दिले, त्यात आठवणीनं चार फुटके.

मग चार दिवस सकाळचा चहा व्हायच्या आधी, नाक ताजं असताना, बाप-लेक गच्चीवर बसू लागले. शाइस्तानं उरलेल्या सामानाचं नवीन मिश्रण केलं, पण त्यात पाचवा भाग घातला नाही. ती करंगळीएवढी बाटली तिनं कारखान्यात परत नेऊन ठेवली, घरात नको म्हणून. पाचव्या भागासाठी बिघडलेलं अत्तरच होतं. त्यातले थेंब कमी-जास्त करत ती फाये तयार करायची, प्रत्येकाला नंबर द्यायची, वहीत लिहायची. इमामसाबांच्या एका हातात फाया, दुसऱ्यात फुटका पेरू.

"सहा?"

"गोळी."

"आठ?"

"सरबत."

"बारा?"

"बोका. मागं ये जरा."

अकरावा फाया त्यांनी नाकाशी धरला, खाली घेतला, पेरू नाकाशी धरला, खाली घेतला. कोणता कोणत्या हातात आहे ते बघायला त्यांना डोळे उघडावे लागले. शाइस्तानं वहीत अकराखाली रेघ ओढली. तिच्या पहिल्या चार थेंबांच्या हिशेबानं ते जवळजवळ तिप्पट होतं. "पुस्तकात इतकं सांगत नाहीत," ती म्हणाली. "पुस्तक करकंबला आलं नव्हतं," इमामसाब म्हणाले, पण त्या दिवसापासून 'बाटलीतलं' हा शब्द घरातून हद्दपार झाला.

रविवारी अकरा वाजता रावजी आणि ऋतुजा आले. मंजुनाथही राजाला कडेवर घेऊन आले. राजा आला तर कळेल, असं त्यांचं म्हणणं. इमामसाबांनी आधी रावजींच्या मनगटावर काडी फिरवली. रावजींनी हात नाकाशी नेला, खाली घेतला आणि मागे वळून दुकानाच्या पायरीकडे बघितलं.

"काय बघताय, आबा?"

"क्रेट कुणी ठेवला ते बघतोय."

ऋतुजानं आपला हात पुढे केला. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "बाई हजेरी घेतायत," ती हळूच म्हणाली, आणि तिनं फोन काढून तिथेच पुण्याच्या लोकांना सांगितलं की मशीन नको, आमच्याकडे माणूस आहे. राजानं एकदा नाक उचललं आणि मंजुनाथांच्या कडेवरच झोपून गेला. ही पावती सगळ्यांनी मान्य केली.

मग लग्नासाठीची बाटली भरायला घेतली. खुणेपर्यंत आली. इमामसाबांचा हात काडीकडे गेला आणि दुकानातले सगळे एकदम स्तब्ध झाले.

"अब्बा," शाइस्ता म्हणाली.

"नियम आहे, बेटा. मोडता येत नाही." त्यांनी काडी हातात धरूनच विचारलं, "आता यात सगळ्यात महाग काय?"

शाइस्तानं फळीकडे बघितलं. करंगळीएवढी बाटली आता तिथे नव्हती.

"चंदन," ती म्हणाली.

"मग चंदन." आणि बरकतीचा थेंब पडला.

लग्न पंढरपूर रस्त्यावरच्या कार्यालयात झालं. दारात इमामसाब, इस्त्रीचा सदरा, हातात चांदीची अत्तरदाणी, आणि त्यांच्या शेजारी गुलाबपाण्याची झारी घेऊन शाइस्ता. अक्षता पडायच्या आधीच गडबड सुरू झाली. आलेला माणूस हात हुंगायचा आणि आत जाऊन पेरू शोधायचा. एका म्हाताऱ्या बाईंनी आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, पेरू पहिल्या पंगतीला आहेत की दुसऱ्या. आचारी कपाळाला हात लावून रावजींकडे आला. "मालक, पेरूची भाजी सांगितली होती का तुमी? माज्या यादीत न्हाय." रावजींनी तिथल्या तिथे पोराला बागेत पिटाळलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सरदार पेरूचे चार क्रेट आले, तिखट-मीठ लावून फोडी वाटल्या गेल्या. ऋतुजानं मुंडावळ्या सावरत दोन फोडी खाल्ल्या, तेव्हा फोटोवाल्यानं तिला तीनदा थांबवलं आणि तिनं ऐकलं नाही.

पाहुणे पांगू लागले तेव्हा नातेपुत्याचे एक गृहस्थ पुन्हा दाराशी आले. त्यांनी इमामसाबांपुढे दुसरं मनगट धरलं. पहिलं केव्हाच हुंगून झालं होतं.

"फेब्रुवारीत माज्या थोरलीचं लगीन हाय," ते म्हणाले. "आमची बोराची बाग. बोराचं जमंल का?"

इमामसाबांनी काडी अत्तरदाणीत ठेवली आणि मुलीकडे बघितलं. "बोराचे सुटे भाग मिळतात का गं?"

"भाग मिळतील, अब्बा. पण आधी बाग हुंगावी लागेल."

"मग या की येत्या शनवारी," ते गृहस्थ म्हणाले. "नातेपुत्याला उतरून फोन करा."

"शनिवारी येतो," इमामसाब म्हणाले, आणि त्यांच्या मनगटावर काडी फिरवून झाल्यावर, माप पुरं झालं तरी, आणखी एकदा फिरवली.